घरचा पहिला रोबो : कोडला दोष देण्याआधी या चुका टाळा

"मामा, कोड तर बरोबर आहे, मग ही पळत काहून नाही?"

परभणीत भाच्याने हा प्रश्न मला चौथ्यांदा विचारला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेली दोन मोटरींची गाडी फरशीवर नुसतीच आचके देत होती. मोटर अर्धा वेढा घ्यायची, अर्डुइनोचा, म्हणजे गाडीला हुकूम देणाऱ्या छोट्या बोर्डचा, दिवा मंद व्हायचा, की पुन्हा पहिल्यापासून तेच. पोरगं कोडच्या ओळी बदलून बदलून घामाघूम. दोष निघाला चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत.

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. ती बॅटरी थोड्या करंटवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असते. गाडीची पिवळी गिअरवाली बीओ मोटर मात्र सुरू होताना किंवा अडकल्यावर एरवीच्या कित्येक पट करंट ओढते. मग व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रिसेट होतो. गंमत म्हणजे बॅटरी नुसती मोजली तर मल्टिमीटर ९ च्या आसपासच दाखवतो. मोटर फिरत असताना मोजा, मग तिचं खरं रूप दिसेल.

आम्ही १८६५० मापाचे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये एकापुढे एक जोडले. ते ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असतील तर ८.४. त्यातले दोनेक व्होल्ट एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) स्वतःच खातो, उरलेले मोटरला बरोबर पुरतात. हाच हिशेब न केल्याने पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टवर गाडी रांगते. सेल मात्र चांगले घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वेष्टन फाटलेले सेल घरात नकोतच. टीपी४०५६ चार्जरवर एका वेळी एकच सेल लावायचा, आणि मे महिन्यात गाडी उन्हात ठेवून जेवायला जायचं नाही.

मोटर थेट अर्डुइनोच्या पिनला जोडू नका. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, आणि २० च्या आतच राहिलेलं बरं. ड्रायव्हर आणि अर्डुइनोची ग्राउंड (ऋण बाजूची) वायर एकमेकींना जोडायची राहिली, तर मोटरी मनाला येईल तशा वागतात. एक चाक उलटं फिरत असेल तर कोडला हात लावू नका, त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. वेग बदलतच नसेल तर ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरच्या जंपर टोप्या तशाच राहिल्यात का ते बघा.

बीओ मोटरच्या तांब्याच्या पत्र्या कागदासारख्या असतात. वायर दोनदा ओढली गेली की पत्री वायरीसकट हातात येते. सोल्डरिंगचा डाग दिल्यावर वायर झिपटायने मोटरच्या अंगालाच बांधून टाका.

कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या वायरीच नसतात. स्वस्तातल्या बोर्डला बऱ्याचदा सीएच३४० चिपचा ड्रायव्हर (हे कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर) लागतो. ब्लूटूथ मॉड्यूल ० आणि १ नंबरच्या पिनवर असेल तर कोड टाकताना ते काढून ठेवा.

रेषेवरून चालणारी गाडी करणार असाल तर आपल्याकडची एक खास अडचण आहे : शहाबादी फरशी. त्या गडद फरशीवर काळी टेप लावून आयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला फरक कसा कळणार? आम्ही वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून अंथरली. रात्री ट्यूबलाइटखाली झकास चाललेली गाडी सकाळी अंगणात आंधळी झाली, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सर जमिनीपासून सेंटिमीटरभरच वर ठेवा, कडेने पुठ्ठ्याचा आडोसा करा. मग सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवा, पांढऱ्यावर आणि काळ्यावर दिवा वेगळा वागेपर्यंत. हे काम जिथे गाडी दाखवायची तिथेच, त्याच उजेडात करायचं.

आणि आमची स्वतःची चूक. त्या रात्री नवे सेल घातल्याबरोबर गाडी सुटली ती थेट माजघरात, आईच्या पानाच्या डब्यावर जाऊन आदळली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. बंद करायला बटण शोधतोय तर बॅटरीच्या लाल वायरवर स्विच लावायचाच राहिला होता.