जिगरी दोस्तावर एकतर्फी प्रेम, आणि त्यातून कॉमेडी कशी लिहायची

दोन घट्ट मित्र, त्यातल्या एकाचंच प्रेम, दुसऱ्याला पत्ताच नाही. ही गोष्ट लिहायला घेणारे बहुतेक जण सगळा जीव प्रेम करणाऱ्यात ओततात. त्याचं झुरणं, त्याच्या रात्री, त्याची डायरी, सगळं तयार असतं. आणि जिच्यावर प्रेम आहे ती? ती हसते, केस मागे टाकते आणि "यू आर माय बेस्ट फ्रेंड" म्हणून निघून जाते. झालं, संपलं पात्र. मग वीस पानांनी लिहिणाराच वैतागतो की स्क्रिप्ट हलत का नाही. अरे कशी हलेल, अर्धी गोष्ट ज्या माणसाची आहे तो माणूसच लिहिलेला नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी 'नाही' म्हणणारं पात्र लिहा, प्रेम करणाऱ्याकडे नंतर वळा. (सोयीसाठी मी तो प्रेमात आणि ती बेखबर असं धरून चालतोय, तुम्ही हवं तसं फिरवा, दोन मुली, दोन मुलगे, काहीही, गणित तेच राहतं.)

तर तिच्याबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या करा. एक, या मैत्रीतून तिला काय मिळतं? "तो समजून घेतो" असलं गुळगुळीत उत्तर नको. उदाहरणार्थ, घरी ती सगळ्यांची जबाबदार मोठी ताई आहे आणि फक्त याच्यासमोर तिला बिनडोकपणा करता येतो. हे एकदा ठरलं की मैत्री तुटली तर तिचं काय जाईल ते आपोआप कळतं, आणि तेच तर शेवटी पणाला लागणार आहे. दोन, तिला दिसत का नाही? ती मूर्ख आहे म्हणून नाही हां, प्लीज. कदाचित पूर्वी कधीतरी तिनेच विचारलं होतं आणि यानेच हसण्यावारी नेलं होतं, म्हणून तिने तो दरवाजा कायमचा बंद करून टाकला. किंवा तिला थोडं थोडं दिसतंय आणि ती मुद्दाम बघत नाहीये, कारण बघितलं तर काहीतरी करावं लागेल. मला तर हे दुसरं फार आवडतं, त्यात तीही पूर्ण निर्दोष राहत नाही आणि सीनला धार येते. तीन, तिला तो दुसरा का आवडतो? इथे आळस करू नका.

या तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण निम्म्या स्क्रिप्ट्स इथेच झोपतात. प्रतिस्पर्धी नालायक दाखवला की तुमचं काम सोपं होतं आणि गोष्ट स्वस्त होते. तो खोटारडा निघतो, तिला कळतं, ती रडत हिरोकडे येते, चला टाळ्या. यात हिरोने काय केलं? वाट बघितली. १९९७ च्या 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'मधला कॅराओकेचा सीन आठवा. नायिका आपल्या मित्राच्या होणाऱ्या बायकोला मुद्दाम स्टेजवर ढकलते, कारण त्या मुलीला गाता येत नाही हे नायिकेला माहीत असतं. ती बिचारी भयंकर बेसूर गाते, पण इतकी जीव तोडून गाते की अख्खा हॉल तिच्या बाजूने होतो आणि मित्र अजूनच प्रेमात पडतो. नायिकेचा जाहीर पोपट. प्रतिस्पर्धी चांगला असला की डाव कसा उलटतो ते या एका सीनमध्ये दिसतं, आणि आपण हसतो ते पण त्याच कारणाने.

आता मैत्री. ती दाखवायची म्हणजे दोघं एकत्र हसताहेत आणि मागे गाणं वाजतंय असं नाही. त्यांना एकत्र करायला काहीतरी काम द्या, एखादी फालतू पण ठरलेली गोष्ट. समजा दोघं मिळून दर रविवारी जुने, पडेल हॉरर सिनेमे बघतात आणि कोण आधी मरणार यावर पैज लावतात, हरलेल्याने पुढचा आठवडाभर दुसऱ्याचा फोन पहिल्याच रिंगला उचलायचा. हे एवढंसं असलं तरी पुढे किती उपयोगी पडतं बघा. ती तिसऱ्याला रविवारी घेऊन येते तो सीन तुम्हाला फुकटात मिळाला. तिने पहिल्या रिंगला फोन न उचलणं हाही सीन झाला, एक डायलॉग न लिहिता. माझी एक साधी टेस्ट असते, पहिल्या दोन-तीन सीनमधून प्रेम पूर्ण काढून टाकायचं आणि वाचायचं, नुसती मैत्री बघायला मजा येतेय का? नसेल येत तर पुढे जाऊ नका, कारण जी मैत्री वाचकाला नकोय ती तुटली काय आणि राहिली काय.

मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न, अरे बाबा तू सांगत का नाहीस? प्रेक्षक हे पहिल्या दहा मिनिटांत विचारतो आणि "भीती वाटते" एवढ्यावर तो फार तर अर्धा तास गप्प बसतो. उत्तर बदलत राहिलं पाहिजे. सुरुवातीला भीती, ठीक. मग तो धीर गोळा करून सांगायला जातो तर तीच आधी स्वतःची बातमी सांगते, आता सांगणं म्हणजे तिचा आनंद खराब करणं. त्यानंतर तो मदतीच्या नावाखाली एक बारीकसं खोटं बोलतो, आता सांगायचं तर ते खोटंही सांगावं लागेल. म्हणजे गप्प राहण्याची किंमत प्रत्येक वेळी वाढतेय. ऐन वेळी फोन वाजला, दार वाजलं, कोणीतरी आलं, ही ट्रिक एका स्क्रिप्टमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा फोन वाजला की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

आणि कॉमेडी कुठून काढायची तर माझ्या मते मदतीतून. झुरण्यातून नाही. झुरणारा माणूस एकटा बसलेला असतो, एकटा बसलेला माणूस किती वेळ हसवणार. पण ज्याचं प्रेम आहे त्यालाच तिचं दुसऱ्याशी जुळवायला मदत करावी लागतेय, यात दर मिनिटाला काहीतरी घडतं. ही आयडिया जुनीच आहे, रोस्तांच्या १८९७ च्या 'सिरानो द बर्जराक' या नाटकात सिरानो ज्या मुलीवर प्रेम करतो तिलाच दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहून देतो, आणि तेव्हापासून लोक ती वापरताहेत, तुम्हीही बिनधास्त वापरा. फक्त आजच्या हातातल्या वस्तूंनी वापरा. हे बघा, असं काहीतरी:

सई फोन पुढे करते. "वाच ना, फार भाव खाल्ल्यासारखं वाटतंय का?"

ओंकार वाचतो. "'मलाही मजा आली.' एवढंच? ऑफिसची पिकनिक होती का?"

"मग तू लिही."

तो टाईप करतो. खोडतो. परत टाईप करतो. "हे बघ. 'तुझ्याशी बोलायला लागले की घड्याळ बघायचं राहूनच जातं.'"

सई दोनदा वाचते. "बापरे. तुला कसं सुचतं रे?"

"गुगल."

ती पाठवून टाकते. दोघं स्क्रीनकडे बघत बसतात. टिक निळी होते. समोरून हार्ट येतो. सई आनंदाने ओंकारच्याच गळ्यात पडते, मग लगेच मागे होऊन फोन परत त्याच्या हातात, "पटकन, आता काय लिहू?"

इथे कोणी रडलं नाही, कोणी उसासा टाकला नाही, "काश" नाही. "गुगल" हा एक शब्द आहे फक्त, आणि जे काही दुखतंय ते त्याच्या आत बसलंय. असे सीन लिहिताना एक नियम पाळा, पात्राला आपण विनोदी आहोत हे माहीत नसावं. ओंकारला खरंच चांगला मेसेज लिहायचाय, तो सीरियस आहे, म्हणून हसू येतं. आणि ती घड्याळाची लाइन जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

खोटं आणि कारस्थानं हा धोक्याचा भाग. थोडी हवीतच, नाहीतर हिरो नुसता साधू होतो. 'कभी हां कभी ना' (१९९४) मध्ये ॲनावर प्रेम करणारा सुनील खोटं बोलतो, ॲना आणि तिला आवडणाऱ्या ख्रिसमध्ये गैरसमज पेरतो, घरी परीक्षेच्या निकालाचंही खोटंच सांगतो, आणि तरी आपण त्याच्यावर चिडत नाही. कारण सरळ आहे, त्याचं प्रत्येक खोटं त्याच्याच अंगाशी येतं, आणि करताना त्याला स्वतःलाच नीट झोप लागत नाही. खोट्याचा फटका हिरोला बसला की ती कॉमेडी. तिला बसला, तिची नोकरी गेली, तिची बदनामी झाली, तिला भीती वाटली, की ती कॉमेडी राहत नाही, मग वर कितीही गमतीदार म्युझिक टाका. आणि एकदा तिने नाही म्हटलं की मागे लागणं बंद. पाठलाग, सतत फोन, जाहीर तमाशा करून होकार उकळणं, हे आपल्या सिनेमांनी खूप वर्षं प्रेम म्हणून विकलंय, आता वाचताना अंगावर काटा येतो, चांगल्या अर्थाने नाही.

कबुली शेवटच्या सीनसाठी राखून ठेवू नका. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट धरतात, तर ११० पानांच्या स्क्रिप्टमध्ये कबुली ७५ ते ८० च्या आसपास येऊ द्या. म्हणजे नंतर जे होतं त्याला जागा राहते, आणि खरी गोष्ट नंतरचीच असते. कबुली सुंदर जागी, सुंदर शब्दांत होऊ नये. भांडणात होऊ दे. दोघं भलत्याच गोष्टीवरून भांडताहेत, तिने रविवार तिसऱ्यांदा कॅन्सल केलाय, आणि ओंकार चिडून बोलून जातो, "तुझ्याशी बोलायला लागलो की माझं घड्याळ बघायचं राहून जातं, म्हणून राग येतो!" सई तोंड उघडते, काहीतरी बोलणार असते, आणि थांबते. ती लाइन तिच्या फोनमध्ये आहे. तिने स्वतः पाठवलेली आहे. बस, "आय लव्ह यू" लिहायची गरजच पडली नाही.

यानंतर सगळे लेखक तिला रडवतात किंवा सॉरी म्हणायला लावतात. तिला आधी चिडू द्या ना. तिचा राग रास्त आहे, "म्हणजे इतके दिवस मी ज्याला सगळं सांगत होते तो कोण होता? मित्र होता की रांगेत उभा होता?" हा प्रश्न आला की ओंकारकडे उत्तर नसतं, प्रेक्षकाकडेही नसतं, आणि सुरुवातीला तिच्यावर घेतलेली मेहनत इथे वसूल होते. तिचा नकार छोटा ठेवा. नकार देताना जितकी जास्त कारणं, तितकी ती गुन्हेगार वाटायला लागते. नाही आवडत त्या अर्थाने, एवढं पुरतं.

शेवटाबद्दल मात्र कोणाचंच एकमत नाही आणि स्टुडिओंचंही नव्हतं. 'व्हेन हॅरी मेट सॅली'च्या (१९८९) सुरुवातीच्या विचारात ते दोघं एकत्र येतच नव्हते, तो शेवट नंतर बदलला. 'प्रिटी इन पिंक'मध्ये (१९८६) उलटं झालं, आधी नायिका आपल्या जिवलग मित्राबरोबर जायची, टेस्ट स्क्रीनिंगला लोकांना ते रुचलं नाही, म्हणून शेवट परत शूट करून तिला दुसऱ्याबरोबर पाठवलं. मधल्या काळात त्या दुसऱ्या हिरोने एका नाटकासाठी केस कापले होते, त्यामुळे नव्या शेवटात त्याच्या डोक्यावर विग आहे, एकदा कळलं की दुसरं काही दिसतच नाही. लेखक जॉन ह्यूजच्या मनातून ते गेलं नसावं बहुतेक, कारण पुढच्याच वर्षी 'सम काइंड ऑफ वंडरफुल' लिहून त्याने मुलगा-मुलगी अदलाबदल केली आणि तिथे जिवलग मैत्रिणीला जिंकवलं. आणि 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'मध्ये शेवटी नायिकेला लग्नात एक नवा पुरुष भेटतो असं आधी शूट केलं होतं. प्रेक्षकांना ते मुळीच आवडलं नाही. मग तिथे तिचा दुसरा मित्र जॉर्ज आला, तिच्याशी नाचायला, प्रेमबिम काही नाही.

यातून मी घेतो ते एवढंच की बक्षीस म्हणून कोपऱ्यातून नवीन पार्टनर काढू नका. 'कभी हां कभी ना'च्या शेवटी जुही चावला येते ते चालून जातं, कारण ती मिनिटभराची गंमत आहे, सुनीलचा प्रश्न तिने सोडवलेला नाही, तो त्याने आधीच स्वतः सोडवलाय. आणि ती प्रेमात पडणारच असेल तुमच्या गोष्टीत, तर त्याने कपडे बदलले, केस वाढवले म्हणून पडू नये. तिच्या नजरेत काहीतरी बदललेलं आम्हाला दिसलं पाहिजे, आणि ते कबुलीच्या आधीच कुठेतरी पेरलेलं असलं पाहिजे.

साइडचा मित्र, जो सगळं ओळखून असतो आणि टोमणे मारतो, तो हवाच, पण त्याला स्वतःची एक अडचण द्या, नाहीतर तो नुसता ऐकणारा कान होतो.

लिहून झालं की एक काम करा, स्क्रिप्टची कॉपी काढून फक्त तिचे सीन ठेवा, बाकी सगळं डिलीट, आणि सलग वाचा. ही तिच्या बाजूची गोष्ट आहे, जिगरी दोस्त हळूहळू विचित्र वागायला लागतो आणि कारण कळत नाही. ती गोष्ट स्वतंत्रपणे उभी राहत असेल तर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. नसेल तर कुठे रिकामं आहे ते तुम्हाला पानांवरच दिसेल, तिथून परत सुरू करा, त्याच्या डायरीला हात न लावता.