शाळेच्या लॅबमधे काचनळी हाताळताना हात कसा वाचवायचा

जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा लॅबच्या कपाटातली रबरी बुचं पार कडक झालेली असतात. एप्रिल-मे मधे टिनाच्या खोलीत बंद, बाहेर ४५ डिग्री, रबर दुसरं काय करणार. मग गॅस तयार करायचा प्रयोग लागतो, नळी बुचात जात नाही, नववीतला एखादा दणकट पोट्टा म्हणतो "सर, थांबा, मी घालतो" अन् तळहातानं दाबतो. नळी मधेच तुटते, हात जोरात पुढंच चाललेला असतो, त्यामुळं तुटलेलं टोक सरळ तळव्यात नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी घुसतं. तिथून बोटांच्या नसा जातात, म्हणून ही जखम दिसते त्यापेक्षा मोठी निघू शकते. ॲसिडला सगळे भितात, काचनळीला कोणी भीत नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की नळी कधीच ढकलायची नाही, ती फिरवत फिरवत घालायची.

काहून ते सांगतो, पोरांनापण हेच कारण सांगा, नुसतं "सांभाळून करा" म्हटल्यानं काही होत नाही. काच सरळ दाबली तर बराच भार घेते, पण वाकवली की तुटते. तुम्ही नळी बुचापासून १५ सेंटिमीटरवर धरून दाबली आणि हात थोडासा जरी तिरपा झाला, तर ३ सेंटिमीटरवर धरली असती त्याच्या पाचपट वाकवणारा जोर त्या नळीवर येतो. हात तेवढाच, जोर तेवढाच, फक्त पकड लांब. म्हणून दोन्ही हात एकमेकांच्या जवळ पाहिजेत.

आता घालायची पद्धत. आधी भोक बघा, नळीपेक्षा एकदम बारीक असेल तर कॉर्क बोररनं (बुचाला भोक पाडायची धारदार पोकळ नळी) नीट पाडून घ्या, बारीक भोकात जबरदस्ती करू नका. बूच अर्धा तास कोमट साबणाच्या पाण्यात ठेवलं की बरंच नरम येतं. नळीच्या टोकाला अन् भोकाला दोन्हीकडं साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीनचा थेंब लावा. दोन्ही हातांत जाड कापड घ्या, जुना दुपट्टा चार घड्या करून चालतो. बूच अंगठा आणि बोटांत धरायचं, तळहातावर टेकवायचं नाही, म्हणजे नळी निसटली तरी समोर तळवा नसतो. नळी बुचापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून हळूहळू पिळत पुढं सरकवा, थोडी गेली की पकड मागं घ्या, परत पिळा. वाकडी नळी असेल तर वाकडा भाग हँडलसारखा धरून कधीच फिरवायचा नाही, ती बरोबर वळणावरच तुटते. थिसल फनेलचं (लांब दांडीचं काचेचं नरसाळं) पण तसंच, वरची वाटी धरून फिरवू नका, खालची दांडी धरा.

ग्लिसरीनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आले की थोड्या वेळानं आपोआप पेट घेतात, आगकाडीसुद्धा लागत नाही. ऑक्सिजनच्या प्रयोगात तेच परमँगनेट तापवायचं असतं, म्हणून त्या प्रयोगाच्या बुचाला साबणाचं पाणीच वापरा, आणि नंतर धुवून पूर्ण कोरडं करून मगच लावा.

मागच्या वर्षीपासून अडकून बसलेली नळी ओढून काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. ब्लेडनं बूच उभं चिरा अन् नळी सोडवा, ब्लेड नेहमी हातापासून दूर चालवायचं आणि हे काम शिक्षकानं किंवा परिचरानंच करायचं. बूच वाया जातं, जाऊ द्या. आणि प्रयोग झाला की त्याच दिवशी नळ्या बुचातून काढून ठेवल्या तर पुढच्या जूनमधे ही वेळच येत नाही.

नळी कापायला त्रिकोणी कानस लागते, सुतार करवतीला धार लावतात तीच, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. करवतीसारखं घासत बसायचं नाही, एकच ठळक ओरखडा, त्यावर पाण्याचा थेंब. मग कापड गुंडाळून दोन्ही अंगठे ओरखड्याच्या बरोबर मागं ठेवा, ओरखडा तुमच्यापासून लांबच्या बाजूला राहील असा, आणि थोडं ताणत हलकेच मोडा. जोर लावावा लागतोय म्हणजे ओरखडा कमी पडला, परत त्याच जागी एक मारा. डोळ्याला चष्मा पाहिजेच, इथं बारीक कण उडतात.

कापलेलं टोक तसंच वापरायचं नाही, ते ब्लेडसारखं असतं, बूच पण कापते आणि बोट पण. स्पिरिट दिव्याच्या ज्योतीत वरच्या भागात ते टोक फिरवत धरा, ज्योत पिवळी पडायला लागते (साध्या काचेतल्या सोडियममुळं) आणि कडा गोल होतात, तेवढ्यावर थांबा नाहीतर तोंडच बंद होतं. बोरोसिलिकेटची (जास्त उष्णता सोसणाऱ्या काचेची) नळी मात्र स्पिरिट दिव्यावर नरम येत नाही, तिच्यामागं तास घालवू नका. वाकवायची असेल तर चार-पाच सेंटिमीटर भाग सारखा फिरवत तापवा, स्वतःच्या वजनानं लवायला लागली की ज्योतीबाहेर काढून मग वाकवा, ज्योतीत धरून वाकवली तर बाक चपटा होतो.

आणि तापलेली काच गार काचेसारखीच दिसते, यातच पोरांचे हात भाजतात. एक वीट ठरवून ठेवा, तिच्यावरची नळी गरमच समजायची, दहा-पंधरा मिनिटं कोणी हात लावायचा नाही. उचलायच्या आधी हाताची मागची बाजू नुसती जवळ नेऊन बघा. दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही, उन्हात ती ज्योत दिसतसुद्धा नाही, विझला असं वाटून ओतायला जातात. झाकण घालून विझवा, गार होऊ द्या, मगच.

पाण्याखाली गॅस गोळा करत असाल तर आधी नळीचं टोक पाण्याबाहेर, नंतर दिवा बाजूला. उलटं केलं की पाणी मागं ओढल्या जाते आणि तापलेली परीक्षानळी तडकते.

आपल्याकडं पोरं चपला बाहेर काढून वर्गात येतात, चांगली सवय आहे, पण लॅबमधे चपला बूट घालूनच येऊ द्या. काच फुटली की हातानं उचलायची नाही, झाडू अन् सुपली, आणि डोळ्याला न दिसणारे कण ओल्या कापसानं टिपून घ्या, कापसाला तर आपल्याकडं तोटा नाही.

कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर. काचेचा तुकडा आत रुतला असेल तर उकरून काढू नका, आजूबाजूनं कापड लावून तसंच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथं विचारा. बोट सुन्न वाटते किंवा वाकत नाही असं पोरगं म्हणत असेल तर "थोडंसंच लागलं" म्हणून घरी पाठवायचं नाही, डॉक्टरला तेच सगळ्यात आधी सांगा. रक्त थांबतच नसेल तर १०८. भाजलं तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट, हळद काही नको.

फुटलेली काच कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका, ती टोपली उकिरड्यावर जाते, उकिरड्याचं खत वावरात जाते, आणि निंदणाला बाया अनवाणी असतात. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा, भरला की कुंपणाच्या कडेला कमरेइतका खड्डा करून डब्यासकट पुरा, आणि जागा शाळेच्या शिपायाला दाखवून ठेवा म्हणजे झाडं लावताना तिथं कोणी खणणार नाही.