मार्च ते जून 1792: जिराँदिस्ट मंत्रिमंडळाचे टिपण कसे करावे

फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना जिराँदिस्टांचे (विधानसभेतल्या ब्रिसोच्या गोटाचे) हे मंत्रिमंडळ बहुतेक जण एका ओळीत उरकतात: ‘राजाने जिराँदिस्टांकडे सत्ता दिली आणि तीन महिन्यांत काढून घेतली.’ ही ओळ दोन ठिकाणी चुकते. सत्ता पक्षाला मिळालीच नव्हती, आणि सगळे मंत्री एकदम आले नाहीत की एकदम गेलेही नाहीत. म्हणून टिपण करायचे ते खातेवार.

आधी कागदावर सहा ओळी आखा: परराष्ट्र, युद्ध, अंतर्गत व्यवहार, सार्वजनिक कर (म्हणजे अर्थखाते), नौदल, न्याय. 1791 साली ठरलेली खाती एवढीच. पंतप्रधानाची सातवी ओळ घालायचा मोह आवरा. असे पदच नव्हते. परराष्ट्रमंत्री द्युमुरिए सर्वांत वजनदार होता, म्हणून त्याला ‘सरकारप्रमुख’ लिहिणारे भेटतात, पण मंत्री नेमणे आणि काढणे हा अधिकार राज्यघटनेने एकट्या राजाला, म्हणजे सोळाव्या लुईला, दिला होता.

रकाने पाच करा: मंत्री, नेमणुकीची तारीख, विधानसभेला कळवल्याची तारीख, पद सुटल्याची तारीख, कारण. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवायचे कारण असे की राजाचे पत्र एका दिवसाचे असते आणि सभागृहात ते दुसऱ्या दिवशी वाचले जाते. वर्तमानपत्रात तर आणखी एक-दोन दिवसांनी छापून येते. एकाच मंत्र्यासाठी दोन पुस्तकांत एका दिवसाचा फरक दिसला, तर तो सहसा यातूनच आलेला असतो. दोन्ही तारखा लिहून मोकळे व्हा; सरासरी काढायची ही जागा नव्हे. क्रांतीच्या दिनदर्शिकेतल्या तारखाही इथे आणू नका. ती 1793 च्या ऑक्टोबरात लागू झाली आणि तिची वर्षे 22 सप्टेंबर 1792 पासून मोजतात.

आता ओळी भरा. परराष्ट्र खात्यावर 15 मार्चच्या सुमारास द्युमुरिए आला, नौदलावर त्याच दिवसांत लाकोस्त. अंतर्गत खात्यावर रोलां आणि करखात्यावर जिनिव्हाचा बँकर क्लाव्हिएर, दोघेही 23 मार्चला. न्यायखात्यावर बोर्दोचा वकील द्युरांतों एप्रिलच्या मध्याला आला. युद्धखात्याची ओळ मात्र दोनदा मोडावी लागते: आधीपासून बसलेला द ग्राव्ह, 9 मेच्या सुमारास त्याच्या जागी सर्व्हां, आणि 13 जूननंतर दोन-तीन दिवसांपुरता खुद्द द्युमुरिए.

हे भरून झाले की ‘मंत्रिमंडळ किती दिवस टिकले’ या प्रश्नाची अडचण आपोआप दिसते. रोलां आणि क्लाव्हिएर यांचे 82 दिवस भरतात, सर्व्हांचे जेमतेम पाच आठवडे, तर लाकोस्त आणि द्युरांतों बडतर्फीनंतरही जुलैपर्यंत खुर्चीवर होते. एकच आकडा हवा असेल तर 23 मार्च ते 13 जून धरा आणि तो रोलांच्या खात्यावरून घेतला आहे, असे कंसात लिहा.

पुढे कारणांचा रकाना. या गोटाचे पुढारी ब्रिसो किंवा व्हेर्निओ स्वतः मंत्री का झाले नाहीत, हे वाचक हमखास विचारतो. ते विधानसभेचे सभासद होते आणि घटनेनुसार सभासदाला मुदत संपल्यावरही दोन वर्षे मंत्रिपद घेता येत नसे. म्हणून त्यांच्या गोटातली, पण सभागृहाबाहेरची माणसे पुढे आली. द्युमुरिए त्या गोटातलाही धड नव्हता. तो स्वतःचा डाव खेळणारा गडी. दरबारी मंडळी या मंत्र्यांना हेटाळणीने ‘साँ-क्युलोत’ (उच्चवर्गीयांची तोकडी तुमान न घालणारे, म्हणजे सामान्य कष्टकरी) म्हणत, तर विरोधक ‘ब्रिसोवाले’. ‘जिराँदिस्ट’ हे नाव पुढे रूढ झाले, तेव्हा शीर्षकात वापरा, पण त्या काळच्या माणसांच्या तोंडी घालू नका.

युद्धाची नोंद करताना शब्द मोजून वापरा. 20 एप्रिलला युद्ध पुकारले ते ‘हंगेरी आणि बोहेमियाच्या राजा’विरुद्ध. सम्राट लिओपोल्ड दुसरा 1 मार्चला वारला होता आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस, म्हणजे हाच राजा, अजून सम्राट म्हणून निवडून आला नव्हता. ‘पवित्र रोमन सम्राटाविरुद्ध युद्ध’ असे लिहिले की जाणकार तिथेच पान मिटतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो जूनच्या घटनाक्रमात. हा क्रम तारखेसकट उतरवून घ्या. 27 मे: नव्या व्यवस्थेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा ठराव. 29 मे: राजाचे घटनात्मक रक्षकदल बरखास्त, याला राजाने संमती दिली. 8 जून: पॅरिसजवळ 20,000 राष्ट्रीय रक्षकांची छावणी, ही सर्व्हांची सूचना. 10 जून: रोलांचे राजाला पत्र, जे त्याच्या पत्नीने लिहिले होते. 12 आणि 13 जून: सर्व्हां, रोलां, क्लाव्हिएर बडतर्फ. पत्र 13 तारखेला विधानसभेत वाचले गेले आणि सभागृहाने ते छापून सर्व 83 विभागांना पाठवायचे ठरवले. द्युमुरिएने युद्धखाते घेतले, पण राजाने उरलेल्या दोन ठरावांना (धर्मगुरू आणि छावणी) संमती द्यावी ही त्याची अट मानली गेली नाही आणि त्याने राजीनामा दिला. औपचारिक नकाराधिकार विधानसभेला कळवला गेला तो 19 जूनला. म्हणजे ‘नकाराधिकारानंतर मंत्री काढले’ हा क्रम उलटा आहे. दुसऱ्याच दिवशी, 20 जूनला, जमाव तुइलेरी राजवाड्यात शिरला.

10 ऑगस्टला राजाचे अधिकार स्थगित झाले आणि रोलां, क्लाव्हिएर, सर्व्हां त्याच खात्यांवर परतले. त्यांच्या जुन्याच ओळी पुढे वाढवू नका, त्यासाठी नवा तक्ता घ्या. या वेळी नेमणूक विधानसभेने केली होती, राजाच्या सहीचा प्रश्नच नव्हता, आणि मंडळाचे नावही बदलून ‘हंगामी कार्यकारी परिषद’ झाले. न्यायखात्यात दांताँ 222 मतांनी आला, परराष्ट्रावर लब्रँ, नौदलावर गणितज्ञ माँज. द्युमुरिएची ओळ या तक्त्यात येत नाही. तो सैन्यात परतला होता.