गणपतीच्या दिवसांत घरी खेळायच्या निःशब्द खेळांची पूर्वतयारी

कोकणातील घरात गणपतीसाठी माणसे जमली की एकाच ओटीवर मालवणीत बोलणारी आजी, मुंबईहून आलेली इंग्रजी माध्यमातील नातवंडे आणि कमी ऐकू येणारे आजोबा एकत्र बसतात, आणि भाद्रपदातील सर पत्र्यावर कोसळू लागली की शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट पोहोचत नाही. अशा वेळी न बोलता खेळायचे खेळ सर्वांत सोयीचे ठरतात. मात्र ते रंगणे वा फसणे हे आधीच्या दोन-तीन दिवसांतील तयारीवर, आणि त्यातही चिठ्ठ्यांवर अवलंबून असते, म्हणून पहिले काम चिठ्ठ्यांचे धरावे. मुख्य खेळात एकाने चिठ्ठी उचलून तीवरचे न बोलता अभिनयाने दाखवायचे आणि त्याच्या गटाने ते ओळखायचे असते.

पावसाळी हवेत साधा कागद लगेच मऊ पडतो आणि शाई पसरते, त्यामुळे जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून तिच्यावर पेन्सिलीने किंवा बॉलपेनने ठळक अक्षरांत लिहावे आणि चिठ्ठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. शहरातील मंडळी अशा वेळी चित्रपटांची नावेच लिहितात, परंतु माझ्या मते कौटुंबिक खेळात ती टाळलेलीच बरी, कारण आजीने नवे चित्रपट पाहिलेले नसतात आणि मुलांनी जुने. त्याऐवजी घरात आणि आवारात रोज दिसणाऱ्या कृती निवडाव्यात: खवणीवर नारळ खवणे, हाताला तेल लावून फणस चिरणे, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे उतरवणे, खाडीत पाग (मासे धरायचे फेकजाळे) टाकणे, मोदकाला कळ्या पाडणे, एसटीच्या कंडक्टरने दोरी ओढून घंटी वाजवणे, वाऱ्याने उलटलेली छत्री सरळ करणे. जी कृती मुंबईच्या मुलाने कधी पाहिलेलीच नाही, ती त्याला आदल्या दिवशी परसात नेऊन दाखवावी; ही तयारीही यादीत धरावी, कारण पाग कसा खांद्यावर घेतात आणि कसा भिरकावतात हे एकदा पाहिलेले मूल ते सहसा विसरत नाही. ज्यांना वाचता येत नाही अशा लहानांसाठी शब्दाऐवजी चित्र काढलेल्या पाच-सहा चिठ्ठ्या वेगळ्या ठेवाव्यात.

मोठ्या मुलांसाठी काही चिठ्ठ्या फोड करून दाखवता येतील अशा शब्दांच्या असाव्यात. ज्याला आपल्याकडे डम शराज म्हणतात, त्या खेळाचे मूळ अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये आहे. तेव्हा तो अभिनयाचा खेळ नसून शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची खूण सांगणारे कोडे होते. मराठीत असे शब्द पुष्कळ सापडतात. ‘आठवडा’ दाखवताना आधी आठ बोटे आणि मग तळलेला वडा दाखवता येतो, ‘नाकतोडा’ दाखवताना नाकाला हात लावून काहीतरी तोडल्याचा अभिनय करता येतो, आणि ‘केळफूल’ तर लहान मुलेही ओळखतात.

खुणा खेळाआधीच ठरवून सर्वांना एकदा करून दाखवाव्यात: जितके शब्द तितकी बोटे वर, जितकी अक्षरे तितकी बोटे दंडावर, कानाला हात म्हणजे यमक जुळणारा शब्द. ओठ हलवणे आणि समोरच्या वस्तूकडे थेट बोट दाखवणे चालणार नाही, हेही तेव्हाच सांगावे. मोठ्यांना दोन मिनिटे आणि मुलांना तीन मिनिटे पुरतात. वेळ मोबाइलवर लावावी, पण ती संपल्याचे स्टीलच्या ताटावर चमचा वाजवून कळवावे, कारण पावसात मोबाइलचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्येक गटात एक वयस्कर, एक लहान, एक गावचा आणि एक मुंबईकर असेल अशी वाटणी आदल्या रात्रीच करून ठेवावी.

घरात कर्णबधिर नातेवाईक असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे आणि दिल्लीत २०१५ पासून तिचे संशोधन व प्रशिक्षण करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. म्हणून त्या भाषेची नक्कल करण्याचा खेळ करू नये, उलट त्यांची इच्छा असल्यास त्यांच्याकडून नमस्कार, पाणी, पुन्हा असे चार-सहा शब्द सर्वांनी शिकून घ्यावेत.

जन्मदिवसाच्या क्रमाने न बोलता रांगेत उभे राहण्याच्या खेळासाठी घरातील ज्येष्ठांच्या तारखा आधी विचारून ठेवाव्यात, कारण काहींना आपला जन्म ‘शिमग्याच्या आधी’ किंवा ‘गौरीच्या सणात’ एवढाच ठाऊक असतो आणि ऐन खेळात त्यांना अवघडल्यासारखे होते; अशांचा इंग्रजी महिना अंदाजाने ठरवून सांगून द्यावा. पाठीवर बोटाने चित्र काढत ते पुढे पोहोचवण्याचा खेळ मुलांपुरता ठेवावा, आणि मोठ्यांना खेळायचे असल्यास पाठीऐवजी तळहात वापरावा. पहिले आणि शेवटचे चित्र पडताळायला पाटी व खडू लागतील.

जागेसाठी ओटी किंवा माजघर निवडावे, पण मखरापासून आणि समईपासून पुरेसे अंतर राखावे. ओल्या छत्र्यांचे पाणी पुसून सतरंजी अंथरावी, कारण ओल्या लादीवर अभिनय करणारा हमखास घसरतो. वीज जाणार हे गृहीत धरून चार्ज केलेले दोन दिवे तयार ठेवावेत आणि ते अभिनय करणाऱ्याच्या समोर ठेवावेत. दिवा पाठीमागे राहिला तर चेहरा दिसत नाही आणि अर्धा अभिनय वाया जातो.

बक्षीस म्हणून खाजा पुरेसा आहे, पैसे ठेवू नयेत. संध्याकाळच्या आरतीनंतर तासाभरातच खेळ आटोपता घ्यावा, आणि भजनी मंडळी येण्यापूर्वी सतरंजी झटकून चहाचे आधण ठेवण्याचे काम कोणत्या गटाकडे, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवावे.