रीस्टार्टनंतर डेस्कटॉपवरचे आयकॉन विस्कटतात?

विंडोज १० किंवा ११ मध्ये नीट लावून ठेवलेले आयकॉन संगणक पुन्हा सुरू केल्यावर डावीकडे रांगेत जाऊन बसत असतील, तर आधी सर्वात सोपं कारण तपासा. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, 'व्ह्यू' उघडा आणि 'ऑटो अरेंज आयकॉन्स'समोरची टिक काढा. त्याखालच्या 'अलाइन आयकॉन्स टू ग्रिड'ची टिक राहू द्या. तिने आयकॉन फक्त सरळ रेषेत राहतात.

तरीही तेच होत असेल, तर माझा पहिला संशय रिझोल्यूशनवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र किती बिंदूंत दिसतं त्यावर. सुरू होताना स्क्रीन क्षणभर जरी कमी रिझोल्यूशनवर गेली, तरी विंडोज आयकॉन त्या लहान जागेत कोंबतं. मग रिझोल्यूशन पूर्ववत झालं, तरी आयकॉन जुन्या जागी परततीलच असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकाच्या भागांची यादी दाखवणारी विंडोजमधली सोय) 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र हाताळणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. तो लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. दुसरा मॉनिटर जोडत असाल, तर संगणक सुरू करण्याआधी तो चालू ठेवा.

आणखी एक, आयकॉनच्या जागा साधारणपणे साइन आउट किंवा शटडाउन होताना जतन होतात. म्हणून पॉवर बटण दाबून धरून संगणक बंद करू नका. नवी मांडणी तशीच हरवते. वीज वारंवार जात असेल, तर मांडणी केल्यावर लगेच एकदा रीतसर रीस्टार्ट करून घ्या.

आयकॉन कॅशे, म्हणजे आयकॉनच्या चित्रांचा विंडोजने जपलेला साठा, पुसण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने चित्रं दुरुस्त होतात, जागा नाही.