कॉफीची तोडणी, वाळवण आणि भाजणी: हंगामातील सल्ला

अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीत, तर रोबस्टा जातीची डिसेंबर ते फेब्रुवारीत चालते. चिकमगळूर, कोडगू आणि हासनमधील मोठ्या बागांप्रमाणेच मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे राखणाऱ्या शेतकऱ्यांनीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तोडणीत किंवा वाळवणीत बिघडलेली कॉफी भाजणीत सुधारत नाही.

फळ बोटांनी दाबताच बी सहज बाहेर निसटली, तरच ते तोडणीयोग्य समजावे. हिरव्या फळांची बी तुरट लागते आणि जास्त पिकलेल्या फळांत झाडावरच आंबण सुरू होते. म्हणून मजुरी वाढली तरी तीन-चार फेऱ्यांत निवडून तोडणी करावी. एका फेरीत सगळी फांदी ओरबाडून वाचवलेली मजुरी पुढे भावात जाते. झाडाखाली ताडपत्री किंवा जाळी अंथरावी, कारण जमिनीवर राहिलेल्या फळांत फळ पोखरणारा भुंगेरा पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात भारतात प्रथम आढळलेली ही कीड आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे शेवटच्या फेरीनंतर झाडावरचे आणि जमिनीवरचे प्रत्येक फळ वेचून घेणे. किडलेली फळे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून मगच वाळत घालावीत.

धुतलेली, म्हणजे बीवरचे पातळ कवच राखलेली पार्चमेंट कॉफी करायची असल्यास फळे तोडल्याच दिवशी पल्परमधून (साल काढणाऱ्या यंत्रातून) काढावीत. अरेबिकाच्या बियांवरचा चिकट गर सुटायला हवामानानुसार साधारण २४ ते ३६ तास लागतात. थंडीत हा वेळ वाढतो, म्हणून घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. मूठभर बिया धुऊन चोळल्यावर त्या वाळूतल्या खड्यांसारख्या खरखरीत लागल्या, की लगेच धुणे सुरू करावे. त्यानंतरही टाकीत पडून राहिलेल्या बियांना जो आंबूस वास लागतो, तो पुढे कशानेही जात नाही. पल्पिंगचे आणि धुण्याचे पाणी ओढ्यात सोडू नये. त्यातील सेंद्रिय द्रव्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खालच्या वस्तीचे पाणी नासते. ते खड्ड्यात साठवून चुन्याने त्याची आम्लता कमी करावी. सालींचे मात्र उत्तम कंपोस्ट होते.

वाळवण हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. पार्चमेंट जाळीच्या उंच मांडवांवर चार-पाच सेंटिमीटर जाडीने पसरावे, तासातासाने उलटावे, भर दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकावे. घाई करून कडक उन्हात वाळवल्यास वरचे कवच तडकते आणि आतली बी ओलीच राहते. सालीसकट वाळवायच्या चेरीचा (अख्ख्या फळांचा) थर आठ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. तिला दोन आठवडे किंवा अधिक लागू शकतात. उघड्या मातीवर वाळवण कधीही घालू नये, कारण मातीचा वास बीत उतरतो आणि ओलसर जागी बुरशी वाढते. ओलावा पार्चमेंटमध्ये सुमारे १० आणि रोबस्टा चेरीत ११ टक्क्यांवर येईपर्यंत पोती भरू नयेत. शक्य असल्यास आर्द्रतामापकाने खात्री करावी. भरलेली पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत आणि त्या खोलीत खते, कीटकनाशके किंवा मसाले ठेवू नयेत.

स्वतः भाजून विकणाऱ्यांनी बी आकारानुसार वेगळी करावी, म्हणजे लहान बी करपून मोठी कच्ची राहत नाही. बी सुमारे २०० अंश सेल्सिअसला तडतडू लागते. पुढची दोन-तीन मिनिटे चव ठरवतात, म्हणून भट्टीपासून हलू नये, आणि हवा तो रंग येताच बी ताबडतोब थंड करावी. भाजताना वजन १२ ते २० टक्के घटते, ते किंमत ठरवताना धरावे. चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळणार असाल, तर कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर स्पष्ट छापलेले असावे.