सिद्धेश्वर तलावाकाठी एचडीआर
सोलापूरच्या उन्हात तलावाच्या काठावरून सिद्धेश्वर मंदिर टिपलं, की एकतर आभाळ पांढरंफटक येतं, नाहीतर मंदिराची सावलीतली बाजू काळीकुट्ट. अशा वेळी एचडीआर वापरा, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एकच फोटो करा. त्यासाठी ट्रायपॉडवरून तीन फोटो घ्या: −2, 0 आणि +2 ईव्ही (एक्सपोजरचं माप; उणे म्हणजे गडद, अधिक म्हणजे उजळ). शक्यतो रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) तेच ठेवून फक्त शटर स्पीड बदला. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही निवडून ‘फोटो मर्ज’मधलं ‘एचडीआर’ दाबा. फुकटात हवं तर ल्युमिनन्स एचडीआर आहेच. पाणी आणि माणसं काही थांबत नाहीत, म्हणून हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणारं ‘डीघोस्ट’ लावा, पण आधी ‘लो’वरच. टोन मॅपिंगचे (जोडलेल्या फोटोतला उजेड-अंधार पडद्यावर दिसेल असा बसवण्याचे) स्लायडर मात्र जपून! शिखराभोवती पांढरी कड उमटली की मीठ जास्त झालं समजा, आणि स्लायडर मागे घ्या.